आधी जनावर

रविवार, १३ नोव्हेंबर १९६०

डंपरच्या जुन्या लॉगबुकात निम्मी पानं कोरी होती. स्टोअरवाला रद्दीत टाकणार होता, मी मागून घेतलं. रोज काहीतरी लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही, ही फौजेची खोड. तिथे रोज संध्याकाळी पाच रकाने भरावे लागत: पाणी, दाणा, खूर, पाठ, हाकणारा. आता ना खूर राहिले ना दाणा, पण हात शिवशिवतो.

आज दिवाकरच्या क्वार्टरवर बैठक झाली. दिवाकर रायपूरचा, तिथे त्याच्या तीन पिढ्या गेल्या. फौजेत तो सर्व्हिस कोरच्या रेशन डेपोत क्लार्क होता, म्हणून अजूनही कागद दिसला की आधी त्याला टाचणी लावतो. त्याला कुणीतरी कळवलं की येत्या ८ डिसेंबरला आपल्या कोरला दोनशे वर्षं पुरी होतात. फौजेला दाणापाणी पोचवणारी आमची कोर. गोळी झाडणाऱ्याचं नाव होतं, त्याच्या ताटात पोळी कुठून आली ते कुणी विचारत नाही. शोधता शोधता भिलाईच्या पोलाद कारखान्यात आम्ही अकरा जण निघालो. कुणी क्रेनवर, कुणी कँटीनमध्ये, मी डंपरवर. ठरलं की आपणही कोर डे करायचा, बडा खाना ठेवायचा आणि कारखान्यातले ट्रान्सपोर्टचे मेजरसाहेब आपल्याच कोरचे, त्यांना बोलवायचं. बडा खाना म्हणजे वर्षातला तो एक दिवस, जेव्हा साहेब वाढतो आणि शिपाई जेवतो.

अध्यक्ष मला केलं. दिवाकर म्हणाला, “केवलरामजी, तुमची ती ब्रह्मदेशातली लॉरीची हकीकत साहेबांसमोर सांगायची बरं का. सगळ्यांनी ऐकली आहे, पण दोनशे वर्षांच्या दिवशी तीच शोभेल.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हेच नवल.

मंगळवार, १५ नोव्हेंबर

वही माझीच आहे तर खरं लिहायला हरकत नाही. ब्रह्मदेशात मी लॉरी चालवली नाही. मी खच्चर कंपनीत होतो. भंडारा जिल्ह्यातला शेतकऱ्याचा पोरगा, बैल हाकता येत होते, म्हणून भरती करणाऱ्याने खच्चर हातात दिलं. स्टिअरिंगला पहिल्यांदा हात लावला तो इथे भिलाईत, ड्रायव्हरच्या हाताखाली खलाशी म्हणून लागल्यावर.

पहिल्या वर्षी गणपतीत सगळे फौजी बसलो होतो. कुणी टँकवाला, कुणी तोफवाला. एक जण म्हणाला, खच्चरवाल्यांसोबत राहिलं की दोन दिवसांत माणूस पण लाथा मारतो. सगळे हसले. नंतर माझी पाळी आली, आणि तोंडातून निघून गेलं, “लॉरी.” मग लॉरीला रस्ता लागला, रस्त्याला दरी लागली, दरीकाठाने मी एका मरणाऱ्या शिपायाला पाच दिवस घेऊन गेलो. दर गणपतीत दरी खोल होत गेली, कधी दिवसही वाढले. गीता, माझी मुलगी, सातवीत आहे. तिने शाळेत ‘मेरे पिताजी’ निबंधात ती लॉरी लिहिली. बाईंनी सगळ्या वर्गासमोर वाचून घेतला.

मनकर्णेला, म्हणजे बायकोला, मी लॉरी सांगितली नाही आणि खच्चरही सांगितलं नाही. तिने कधी विचारलं नाही. साधी बाई आहे, तिला या गोष्टींत काय कळणार.

गुरुवार, १७ नोव्हेंबर

आज जुनवानीकडून मुरूम आणताना रस्त्यात गाढवांची रांग आडवी आली. दहाएक असतील, पाठीवर मुरमाच्या गोण्या. मी हॉर्न दाबून धरला. पहिल्या गाढवाच्या डाव्या अंगाला एक वाळका माणूस चालत होता. त्याने घाई केली नाही. हात वर केला, सगळी जनावरं कडेला लावली, मग वळून बघितलं.

“केवल?”

फकिरा! सोळा वर्षांनी! मी डंपर बंद न करताच उडी मारली. मिठी मारली तर हाडं लागली. आमच्याच कंपनीचा, आमच्याच जिल्ह्याचा. बायको ठकूबाईचं माहेर कुरुदला, तिकडेच राहतो. सेक्टर दहाच्या क्वार्टरांसाठी ठेकेदाराकडे मुरूम टाकतो.

“अन् तू डंपर चालवून राहिला!” त्याने टायरला हात लावून पाहिला. “माह्या धा गाढवाइचं दिवसभराचं काम हे एका खेपेत करते ना बे.” त्याला त्याचं फारच कौतुक वाटत होतं. मागे रशियन इंजिनिअरची जीप हॉर्न देऊ लागली म्हणून मी निघालो. रविवारी घरी ये म्हणालो. दिवसभर मन कसं भरून आलं होतं. संध्याकाळी चहा पिताना मात्र अचानक दिवाकर आठवला, मेजरसाहेब आठवले, आणि चहा गारढोण झाला.

रविवार, २० नोव्हेंबर

फकिरा आला. धोतराच्या सोग्यात तळ्यातले शिंगाडे घेऊन. मनकर्णेने उकडायला ठेवले. तो खुर्चीवर बसेना, उंबऱ्याजवळ उकिडवा बसला.

गीता येऊन विचारते, “काका, आप भी बाबा के साथ लॉरी में थे?”

 फकिराने माझ्याकडे पाहिलं, एकदाच. मग शिंगाडा सोलत म्हणाला, “हाव बेटा. तुहा बाबू लॉरी चालवे, अन् मी मागं बसो.”

सुटलो! काय हजरजबाबी माणूस. पोर खूश होऊन खेळायला गेली. मनकर्णा मात्र चुलीपाशी उगाच भांडी आदळत होती. कशाने बिनसलं कोण जाणे.

जाताना फकिराने काम सांगितलं. कारखान्यात माजी सैनिकांमधून चौकीदार घेणार आहेत. त्याच्या डिस्चार्ज बुकाला, म्हणजे फौजेतल्या नोकरीच्या दाखल्याला, वाळवी लागली, पुठ्ठा तेवढा उरला. रेकॉर्ड ऑफिसला लिहिलं तर उत्तर यायला सहा महिने, आणि इथे अर्जाची शेवटची तारीख १० डिसेंबर. पण त्याच कंपनीतला कोणी असेल, त्याने स्वतःचं बुक दाखवून साहेबांसमोर सही केली तर चालतं.

“डंपर आले, आता ठेकेदार म्हनते गाढवं नाई पाह्यजे. महिन्याभराचं काम उरलं,” तो म्हणाला. “ठकूले दमा हाय. धुळीत तिले घेऊन कुठं जाऊ? पन तुले जमन तं. नाई जमलं तं रायलं.”

मी म्हणालो, बघतो.

बुधवार, २३ नोव्हेंबर

सही करायला किती वेळ लागतो? पण सहीखाली कंपनीचं नाव लिहायचं असतं. माझं बुक साहेबांच्या टेबलावर उघडायचं असतं. अर्ज दिवाकरच गोळा करतोय, त्याची नजर टाचणीसारखी. मग अध्यक्ष कसला आणि लॉरी कसली. गणपतीच्या मांडवात पोरंसुद्धा लाथा मारायची नक्कल करतील. गीताच्या निबंधाचं काय?

फकिराला दुसरीकडेही काम मिळेल. मेहनती माणूस आहे. शिवाय रात्रपाळीची चौकीदारी त्याला या वयात झेपणार आहे का? मी उलट त्याच्या भल्याचाच विचार करतोय. त्याला माझा जुना स्वेटर द्यावा म्हणतो.

रविवार, २७ नोव्हेंबर

दुसरी बैठक. मेजरसाहेबांनी यायचं कबूल केलं, आणि दिवाकर म्हणतो, माजी सैनिकांचे चौकीदारीचे अर्जही ते त्याच दिवशी तिथेच बघणार. फकिराचं नाव मीच सांगितलं, खान्याला बोलवायला. तेवढं तर करायलाच हवं. कंपनी विचारली तेव्हा म्हणालो, त्याची त्याला ठाऊक.

संध्याकाळी मनकर्णा आणि मी बाजारात गेलो. वाटेत ती म्हणाली, “तुमी नेहमी माह्या डाव्या अंगानंच कावून चालता हो?”

“असंच. सवय.”

“अन् उजवी मूठ अशी आवळून? काही धरलं हाय का तिच्यात?”

मी मूठ उघडून दाखवली. काही नव्हतं. ती हसली नाही. बायकांचं काही समजत नाही.

शुक्रवार, २ डिसेंबर

मैनाबद्दल लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. पण चार दिवस झोपेत तीच दिसते.

खच्चर नंबर ४१७. नंबर खुरावर डागलेला. मैना हे नाव मी ठेवलेलं. मी कायम तिच्या डाव्या अंगाला, उजव्या मुठीत तिचा दोर. जंगलात शिरण्याआधी डॉक्टरांनी सगळ्या खच्चरांचा आवाज काढून टाकला होता, दुश्मनाला ऐकू जाऊ नये म्हणून. त्यामुळे ती तोंड उघडायची, मान ताणायची आणि नुसती हवा यायची. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी तिच्या मानेवर डोकं ठेवून रडलो होतो. मी एकवीस वर्षांचा होतो.

चव्वेचाळीसच्या एप्रिलमध्ये मला आव पडायला लागली आणि ताप चढला. जो चालू शकत नाही त्याला वाटेतल्या गावात ठेवून पुढे जायचं, असा हुकूम होता. ठेवलेले कुणी परत आले नाहीत. फकिराने मैनाचं ओझं काढून आपल्या खच्चरावर आणि आपल्या पाठीवर घेतलं आणि मला मैनावर बांधलं. पाच दिवस दोन जनावरं त्याने एकट्याने हाकली. संध्याकाळी आमच्या तुकडीचा नायक वही भरायला आला की हा सांगायचा, “चारशे सतरा, हाकणारा केवलराम.” मी बेशुद्ध. नायक बघायचा आणि लिहायचा. वहीत हाकणारा म्हणून नाव आहे म्हणजे माणूस चालतोय, आणि चालणाऱ्याला मागे ठेवता येत नाही. सहाव्या दिवशी मला इस्पितळात पाठवलं, तिथे आमची ताटातूट झाली.

म्हणजे माझ्या हकीकतीत सगळं खरं आहे. दरी खरी, पाच दिवस खरे, मरणारा शिपाई खरा. फक्त तो शिपाई मी होतो.

रविवार, ४ डिसेंबर

ठरवलं. सही करणार नाही. फकिराला सांगायला कुरुदला गेलो. स्वेटर बरोबर घेतला.

तो गाढवांना पाणी पाजत होता. ठकूबाई आत खोकत होती, तरी गूळपाणी घेऊन आली. मी तोंड उघडणार तेवढ्यात फकिराच म्हणाला, “केवल, सहीचं मनात ठेवू नको. मले समजते. तुहं तिथं नाव हाय. पोरगी हाय. माहं काय, मी कुठंबी चालन.”

 स्वेटर दिला. त्याने तो लगेच अंगात घातला, भर दुपारच्या उन्हात, आणि म्हणाला, छान गरम आहे. लाजेने माणूस मरत असता तर मी तिथेच मेलो असतो. परत येताना मन हलकं व्हायला पाहिजे होतं, कारण त्याने स्वतःच मला मोकळं केलं होतं. झालं नाही.

मनकर्णेने विचारलं, “स्वेटर दिला अन् काय आनलं?”

“काय आणायचं?”

“मले वाटलं तुमी त्याचा कागद आनान.”

तिला कागदाचं कुणी सांगितलं?

गुरुवार, ८ डिसेंबर

खाना साडेचारला, पहिली पाळी सुटल्यावर. शाळेमागच्या मैदानात तंबू ठोकला होता. मटण, पुऱ्या, डाळ, बुंदी. बायकांची वेगळी पंगत, तिथे मनकर्णा आणि गीता. मी कोट घातला होता, मेडल लावलं होतं. मेजरसाहेब वेळेवर आले, सगळ्यांशी हात मिळवले, मग बाह्या सरसावून पुऱ्यांचं ताट हातात घेतलं. दिवाकरने माइकवर सांगितलं, खाण्याआधी अध्यक्ष केवलरामजी आपली लॉरीची हकीकत सांगतील.

मी उठलो, आणि तेवढ्यात फकिरा आला. माझा स्वेटर, छातीवर मेडल, एका हातात गूळ आणि दुसऱ्यात दोरी. दोरीला गाढव!

मैदानात हशा पिकला. कुणी म्हणालं, “याला पण पंगतीला बसवायचं काय?” दिवाकर धावला, “अरे बाबा, जनावर बाहेर, बाहेर!”

फकिरा हलला नाही. “आधी जनावर,” तो म्हणाला. “मग मानूस.”

मेजरसाहेबांनी ताट खाली ठेवलं. ते हसत नव्हते. “ये खच्चर कंपनी का रिवाज है,” ते म्हणाले. “कोर डे के दिन पहले जानवर को गुड़, फिर जवान को खाना. मैंने बहुत साल से नहीं देखा.” त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. “यहाँ खच्चर कंपनी का कौन-कौन है?”

कुणाचा हात वर झाला नाही. बुंदीवर माश्या बसत होत्या, तो आवाजसुद्धा ऐकू येत होता. मी फकिराकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम, मान गाढवाकडे वळवून म्हणाला:

“मी एकलाच हाय, साहेब.”

पाच दिवस ज्याने रोज माझं नाव सांगितलं, त्याला आज माझ्यासाठी माझं नाव गाळावं लागलं.

मी माइक सोडला. कसा गेलो ते आठवत नाही. गूळ त्याच्या हातातून घेतला, खडा फोडला, तळहात सपाट करून गाढवापुढे धरला. उजवा हात आपोआप त्याच्या खांद्यावरून पायाकडे उतरला, आणि गाढवाने खूर माझ्या हातात दिला. फौज सुटल्यापासून चौदा वर्षांनी! खुरात खडा रुतला होता. बुंदीच्या ताटातल्या चमच्याच्या दांडीने तो काढला. उभा राहिलो तेव्हा गुडघ्यांना माती होती आणि सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं.

“दोघं आहोत, साहेब,” मी म्हणालो.

मग सांगितलं. माइकशिवाय, जमेल तशा हिंदीत. लॉरी नव्हती, खच्चर होतं. मी चालवत नव्हतो, मी वर बांधलेला होतो. चालवणारा हा. कुठे खोल दरी घातली नाही. सांगून होतं न होतं तोच ते गाढव मान ताणून असं ओरडलं, असं ओरडलं की तंबू हादरला. माझी मैना हवेशिवाय काही काढू शकली नाही कधी. मला रडू फुटलं आणि मी ते पुसलंही नाही.

सगळ्यांसमोर टेबल मागवलं. बुक खिशात होतं. दुपारी कोट घालताना मी ते ठेवलं नव्हतं, हे शपथेवर सांगतो. सही केली, खाली कंपनीचं नाव लिहिलं. दिवाकरने कागदाला टाचणी लावली आणि मान वर न करता म्हणाला, “पाचच दिवस? तुम्ही गणपतीत सात सांगितले होते.” मग त्याचेच डोळे भरून आले.

साहेबांनी पहिली पुरी फकिराला वाढली. फकिरा खाली बसेना. “साहेब उभे अन् मी बसू?” मी त्याला खांदा धरून बसवला. नोकरीचं साहेबांनी वचन दिलं नाही. कागद मात्र घडी करून आतल्या खिशात ठेवला.

गीता जवळ यायला बराच वेळ लागला. मला वाटलं, आता विचारेल, निबंधाचं काय. ती म्हणाली, “बाबा, मैना का रंग कैसा था?”

शुक्रवार, ९ डिसेंबर

काल खाना आटोपून अंधार पडता पडता परत निघालो. मी मनकर्णेच्या डाव्या अंगाने. ती म्हणाली, “मले लगनाच्या चवथ्याच दिवशी समजलं होतं.”

“काय?”

“झोपेत मले पाठीवर थापटून ‘चल मैना, पानी हाय पुढं’ म्हनत. मी म्हटलं, कोन ही सवत? मंग सकाळी तुमी माहा पाय उचलून टाच पाह्यली. तवाच समजलं, बाई नाई, जनावर हाय.” ती हसत होती, पदराआड. “बुक मीच ठेवलं तुमच्या कोटात.”

“पंधरा वर्षांत बोलली का नाहीस मग?”

“तुमी बोलान म्हनून वाट पाहून राहिली होती.”

आणि मी तिला साधी बाई लिहिलं आहे, याच वहीत. खोडणार नाही. असू दे.

आज कामावर तीन जणांनी लाथा मारायची नक्कल केली. दुपारपर्यंत कंटाळले.

एक काम मात्र राहिलं होतं. आमच्या कंपनीची वही कुठे असेल कोण जाणे, कुठल्या कपाटात, की तिलाही वाळवी. ती दुरुस्त करणं माझ्या हातात नाही. ही वही आहे.

एप्रिल १९४४. पाच दिवस. खच्चर नंबर ४१७, मैना.
पाणी: मिळालं तिथे पाजलं.
दाणा: अर्धा. उरलेला अर्धा बांबूचा पाला.
खूर: ठीक.
पाठ: एक माणूस, जिवंत.
हाकणारा: फकिरा.